पुस्तक कपाटात आहे, पण शोधात सापडत नाही : वाचनालयाच्या यादीतला शोध आणि त्यातल्या वाटा कशा बांधाव्यात?

बालाघाटची_वाचक (रविवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकं साडेअकरा हजारांच्या आसपास. गेल्या पावसाळ्यात गावातल्याच दोन मुलांनी दाखल रजिस्टर संगणकावर चढवून दिलं आणि वर शोधायचं पान करून दिलं. दोघंही इंजिनिअरिंगला आहेत, एक रुपया घेतला नाही. आता सभासद घरूनच मोबाइलवर पाहतात, पुस्तक आहे की बाहेर गेलंय ते. मला याचा फार आनंद झाला होता.

गेल्या मंगळवारी एक आजोबा आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. नातवानं त्यांना मोबाइलवर शोधून दाखवलं होतं आणि "असं पुस्तक नाही" असं सांगून टाकलं होतं. तरी ते सात किलोमीटर एस.टी.नं आले. म्हणाले, "बाई, बहात्तरच्या दुष्काळाचं काही हाय का? मी त्या टायमाला खडी फोडायला होतो. आमच्या गावचा पाझर तलाव आम्हीच केलेला हाय. त्याचं कुठं लिवलेलं असंल तर वाचून घ्यायचंय."

मी उठले आणि तिसऱ्या कपाटातून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. मला ते माहीत होतं, कारण दोन वर्षांपूर्वी त्याची बाइंडिंग मीच करून घेतली होती. नंतर मी संगणकावर "बहात्तरचा दुष्काळ" टाकून बघितलं. शून्य निकाल. पुस्तकाच्या नावात "अवर्षण" आहे आणि "१९७२-७३" आहे. "बहात्तर" नाही, "दुष्काळ"ही नाही.

आजोबा तिथंच बाकावर बसून दीड तास वाचत होते. दुष्काळात वाटलेल्या सुकडी आणि मिलो ज्वारीचं पान आलं तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवलं.

ते आले नसते तर? नातवाच्या "नाही" वर विश्वास ठेवून घरीच बसले असते तर? हे माझ्या मनातून जात नाही. रजिस्टर होतं तेव्हा माणूस मला विचारायचा आणि मी कपाटाकडे जायचे. आता तो यंत्राला विचारतो, यंत्र नाही म्हणतं, आणि मला कळतही नाही की कुणीतरी विचारून परत गेलं.

अडचणी आणखी आहेत. "शेती" टाकलं की शांतीची पुस्तकं येतात. "पाणी" टाकलं की पुण्याची. एका मुलीनं "दु:ख" टाकलं तर पान लाल झालं आणि इंग्रजीत काहीतरी चूक दाखवली. ती बुद्धांच्या चार आर्यसत्यांवरचं पुस्तक शोधत होती. वर विषयांची चौदा बटणं आहेत. त्यात "इतर", "विविध" आणि "संकीर्ण" ही तीन वेगवेगळी आहेत, आणि कशात काय आहे ते मलाही सांगता येत नाही.

दुवा माझ्या ओळखीच्या पानावर ठेवला आहे. जाणकारांनी बघून सांगावं. संगणकाचं कळत नसलं तरी चालेल, तुम्ही काय शब्द टाकून शोधलं असतं तेवढं सांगितलं तरी मला उपयोग आहे.

---

रानवाट_औसा (रविवार, रात्री ९.४०)

ताई, आजोबाचं वाचून गलबलून आलं. आमच्या वडिलांनी पण रोजगार हमीवर काम केलेलं.

मी शोधून बघितलं आत्ता. "तूर" टाकलं तर बरोबर आलं. "तुरीवरची मर" टाकलं तर काहीच नाही. आमच्याकडं सगळे मरच म्हणायलेत, पुस्तकात काय म्हणतात मला माहीत नाही.

---

अर्धापुरी (रविवार, रात्री १०.०५)

आमच्या भागात केळीशिवाय दुसरं काही विचारू नका, म्हणून "केळी"च टाकलं. काळावरची दोन, कोळी समाजावरचं एक आणि शेवटी केळीलागवड. हे कसं काय?

---

कोडकरी_नांदेड (रविवार, रात्री ११.३१)

ताई, अर्धापुरींच्या उदाहरणानं लगेच उलगडलं. मुलांना विचारून खात्री करा, पण माझा अंदाज असा की त्यांनी एसक्यूलाइट (माहिती साठवायचं एक साधन) वापरलंय आणि शोधासाठी त्यातलं एफटीएस-५. निवड चांगली आहे. लहान वाचनालयाला सर्व्हर नको, एका फाइलमध्ये सगळं बसतं. दोष त्याचा नाही, एक सेटिंग राहून गेलंय.

शोधयंत्र आधी प्रत्येक नावाचे शब्द सुटे करून ठेवतं. शब्द कुठं संपला हे ठरवायला त्याला सांगावं लागतं की कोणती चिन्हं शब्दाच्या आतली आणि कोणती शब्द तोडणारी. मूळ सेटिंगमध्ये फक्त अक्षरं आणि आकडे शब्दातले धरले आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांची गणना "अक्षर" या गटात होत नाही, "चिन्ह" या वेगळ्या गटात होते. त्यामुळे यंत्राला काना दिसला की ते शब्द तिथंच तोडतं.

म्हणजे "केळी" हा शब्द यंत्राकडे "क" आणि "ळ" असा जातो. "काळ" काय? क आणि ळ. "कोळी"? क आणि ळ. तिन्ही एकच. "पाणी" आणि "पुणे" दोन्ही प-ण. "शेती" आणि "शांती" दोन्ही श-त. मात्रा सगळ्या गळून गेल्या, नुसता सांगाडा उरला.

उपाय एका ओळीचा आहे. शोधाची सारणी करताना गटांच्या यादीत "एमएन" आणि "एमसी" हे चिन्हांचे दोन गट जोडायला सांगा आणि सारणी नव्यानं भरून घ्या. साडेअकरा हजार नोंदी म्हणजे काही सेकंदांचं काम.

"दु:ख" चं कारण वेगळं. त्या मुलीनं विसर्गाऐवजी कोलन टाकला, बहुतेक सगळे तेच करतात, कारण कळफलकावर विसर्ग शोधावा लागतो. आणि एफटीएस-५ मध्ये कोलनला खास अर्थ आहे : कोलनच्या आधी असतं ते रकान्याचं नाव. म्हणून ते "दु" नावाचा रकाना शोधायला गेलं, मिळाला नाही, चूक दाखवली. वाचकानं टाकलेलं थेट यंत्राला देऊच नये. आधी कोलनचा विसर्ग करावा, बाकीची विरामचिन्हं काढावीत, मग द्यावं.

---

बालाघाटची_वाचक (मंगळवार, सायंकाळी ७.२०)

कोडकरी दादा, अगदी तसंच निघालं. मुलांनी काल रात्री बदल केला. "केळी" ला केळीच येते. "पाणी" ला पाणीच. मी एकेक शब्द टाकून बघत बसले होते. खूप खूप आभार.

पण एक नवीनच झालं. आधी "दुष्काळ" टाकलं की "दुष्काळाची", "दुष्काळात" अशी नावंही यायची. आता येत नाहीत. "दुष्काळ" सुटा असेल तरच येतं. दुरुस्तीनं बिघडलं की काय?

---

कोडकरी_नांदेड (मंगळवार, रात्री ८.०२)

बिघडलं नाही ताई. आधी यंत्र सांगाडा जुळवत होतं, द-ष-क-ळ, आणि "दुष्काळाची" मध्ये तो सांगाडा सुरुवातीला होताच. आता ते पूर्ण शब्द ओळखायला लागलंय, म्हणून "दुष्काळ" आणि "दुष्काळाची" त्याला दोन वेगळे शब्द वाटतात. आधी चुकीच्या कारणानं बरोबर उत्तर मिळत होतं.

सोपा उपाय : शोधताना शब्दापुढे तारांकन लावायचं, म्हणजे या अक्षरांनी सुरू होणारं सगळं येतं. "दुष्काळ" ला दुष्काळात, दुष्काळाचा, दुष्काळग्रस्त सगळं येईल. वाचकाला तारांकन लावायला सांगू नका, पानानं आपणहून लावावं. तोटा एवढाच की "वन" टाकलं की वनवास आणि वनिताही येतील. म्हणून जसाच्या तसा शब्द असलेली पुस्तकं वर, बाकीची खाली.

---

शुद्धमती (मंगळवार, रात्री ९.१५)

मी मराठी शिकवते, परभणीला. मला वाटतं तारांकनानं निम्मंच काम होईल.

मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो. विहीर, पण विहिरीत. मूल, पण मुलांचे. पाऊस, पण पावसाचे. देऊळ, पण देवळातील. "विहीर" पुढे तारांकन लावून "विहिरीत" सापडणार नाही, कारण मधली "ही" ऱ्हस्व झाली. "पाऊस" लावून "पावसाचे" तर मुळीच नाही.

शिवाय तुमच्याकडे जुनी पुस्तकं असणार. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांवर "नाहीं", "कांहीं", "आमचें" असे अनुस्वार आहेत. रजिस्टर लिहिणाऱ्यानं मुखपृष्ठावर होतं तसंच उतरवलं असेल तर आजच्या मुलाला ते कसं सापडणार?

आणि "शेतकऱ्यांचा" हा शब्द घ्या. तुमच्या भागातल्या कितीतरी पुस्तकांच्या नावात असेल. तो अर्धा र लोक तीन तऱ्हांनी टाइप करतात.

---

कोडकरी_नांदेड (मंगळवार, रात्री ९.४८)

मॅडम, शेतकऱ्यांचं उदाहरण फार मोलाचं आहे. एक तऱ्हा : नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी : साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. तिसरी, घाईतली : साधा "र्य", म्हणजे "शेतकर्यांचा". यंत्राला हे तीन वेगळे शब्द, आणि ते न दिसणारं चिन्ह तर शब्दाचे दोन तुकडे करतं. "ॲ" चंही तसंच. आजचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचे लोक अ वर चंद्र द्यायचे किंवा हिंदी कळफलकावरचा ऍ वापरायचे. "पोलीस ॲक्शन" शोधणाऱ्याला तिन्ही चालायला हवेत.

म्हणून प्रत्येक नोंदीची दोन रूपं ठेवावीत. एक दाखवायचं, पुस्तकावर आहे तसं, त्याला हात लावायचा नाही. दुसरं शोधायचं, कुणाला न दिसणारं : त्यात सगळे अर्धे र एकाच तऱ्हेचे, सगळे ॲ एकच, जुने शेवटचे अनुस्वार काढलेले, मराठी-इंग्रजी आकडे एकच, आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळं ऱ्हस्व. वाचकाच्या शब्दावरही हीच प्रक्रिया. मग "विहीर" चं "विहिर" होतं आणि "विहिरीत" चं "विहिरित", तारांकन लावलं की जुळतं. मूल-मुलांचंही जुळतं. पाऊस, देऊळ असे ऊ चा व होणारे शब्द थोडेच आहेत, त्यांची हातानं यादी करायची.

---

शुद्धमती (मंगळवार, रात्री १०.१०)

ऱ्हस्व-दीर्घ एक करण्याला माझा विरोध आहे. दीन म्हणजे गरीब, दिन म्हणजे दिवस. शीर म्हणजे रक्तवाहिनी, शिर म्हणजे डोकं. सूत म्हणजे धागा, सुत म्हणजे मुलगा. कापसाच्या पट्ट्यात "सूत" शोधणाऱ्याला पुराणातले सुत कशाला दाखवायचे? मुलं आधीच वेलांटीकडे लक्ष देत नाहीत. यंत्रालाही फरक पडत नाही असं दिसलं तर ती का शिकतील?

---

रानवाट_औसा (मंगळवार, रात्री १०.३२)

मॅडम, तुमचं बरोबर हाय. पण माझी आई चौथी शिकलेली. तिला वेलांटी पहिली का दुसरी ते येत नाही, तिला ओव्या वाचायच्या असतात. तिनं चुकीचं लिहिलं म्हणून पुस्तक देऊ नये असं होऊ नये. वर्गात शिकवा, दारात अडवू नका.

---

शुद्धमती (मंगळवार, रात्री १०.५०)

आईंचं सांगितलंत, ते पटलं. मग असं करा : अचूक लिहिलेलं असेल ते आधी, आणि नंतर एक रेघ मारून "जवळचे शब्द" म्हणून बाकीचे. सूत शोधणाऱ्याला सूतगिरणी वर मिळेल, आणि आईंनाही रिकाम्या हातानं जावं लागणार नाही. पुस्तकाचं नाव मात्र योग्य शुद्धलेखनातच दिसू द्या.

---

गंगाखेडकर (बुधवार, सकाळी ७.०५)

वाचतोय. फार चांगली चर्चा. आमच्या शाळेच्या वाचनालयातही हेच करायचंय.

---

जुनी_तालिका (बुधवार, दुपारी ३.४४)

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तालिकाकार म्हणून, म्हणजे पुस्तकांची सूची करायला, चौतीस वर्षं नोकरी केली. आता निवृत्त आहे. वरची तांत्रिक चर्चा मी दोनदा वाचली. ती सगळी आवश्यक आहे. पण ताईंच्या आजोबांचा प्रश्न तिनं सुटत नाही, हे कुणी बोललेलं नाही. सगळे अर्धे र एक केले, सगळे प्रत्यय काढले, तरी "बहात्तरचा दुष्काळ" टाकल्यावर "अवर्षण १९७२-७३" येणार नाही. दोन्हींत एकही अक्षरसमूह सारखा नाही.

यावर आमच्याकडे उपाय होता. तालिकेचे ड्रॉवर आठवतात का? साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड, खाली मधोमध भोक, त्यातून पितळी सळई. प्रत्येक पुस्तकाची लेखक, ग्रंथनाम, विषय अशी कार्डं. आणि त्यांच्या मध्ये काही कार्डं अशी असायची ज्यांवर पुस्तकच नसायचं. त्यावर एवढंच लिहिलेलं असायचं :

दुष्काळ
   पाहा
अवर्षण

हे "पाहा" कार्ड. वाचक ज्या नावानं येतो तिथून ग्रंथालय ज्या नावानं ठेवतं तिथं नेणारं. आणि दुसरं "हेही पाहा" कार्ड :

अवर्षण
   हेही पाहा
रोजगार हमी योजना, पाझर तलाव, स्थलांतर

पहिलं कार्ड हरवलेल्याला रस्त्यावर आणतं. दुसरं, रस्त्यावर असलेल्याला पुढचं गाव दाखवतं. आज तुम्ही ज्याला दुवा म्हणता तो आम्ही शाईनं लिहीत होतो.

रोजगार हमीचंच घ्या. बहात्तरच्या दुष्काळातल्या कामांतून ती वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी जोडलेलं. ज्या आजोबांनी खडी फोडली त्यांना अवर्षणाच्या पुस्तकाखाली पागे यांच्यावरच्या पुस्तकाचा दुवा दिसला असता तर? ते दुसऱ्यांदा एस.टी.नं आले असते.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र : वाचकाचा वेळ वाचवा. मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. "पाहा" कार्ड लिहायला दोन मिनिटं लागायची. पण त्यानं पुढची वीस वर्षं, येणाऱ्या प्रत्येक वाचकाची दहा मिनिटं वाचायची.

ही कार्डं कशावरून करायची? डोक्यातून करू नका. देवघेवीच्या खिडकीवर बसून लोक काय म्हणतात ते लिहून घ्या. माझ्याकडे एक शंभर पानी वही होती. वाचक जे शब्द बोलायचा ते डाव्या पानावर, पुस्तक जिथं सापडलं ते उजव्या पानावर. लोक "रझाकारी" म्हणत, "पोलीस ॲक्शन" म्हणत. आमच्याकडे विषय होता "हैदराबाद मुक्तिसंग्राम". कुणी "मराठवाडा मुक्तिसंग्राम" म्हणे, कुणी नुसतं "सतरा सप्टेंबर". पाच नावं, कपाट एकच.

लेखकांचंही तसंच. सातोन्याचे बी. रघुनाथ. रजिस्टरमध्ये कुणी "रघुनाथ, बी." लिहिलेलं, कुणी "बी. रघुनाथ", आणि एका काटेकोर माणसानं "कुलकर्णी, भगवान रघुनाथ". एकाच लेखकाची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरलेली. तिन्हीकडे "पाहा" लावून ती एकत्र आणायला मला एक उन्हाळा लागला. ज्ञानेश्वरी मागणाऱ्याला "भावार्थदीपिका" असं नाव असलेली प्रत मिळायला हवी, हे तर सांगायलाच नको.

ताई, तुमच्या वाचनालयात जुनं तालिकेचं कपाट आहे का? असेल तर त्यातली "पाहा" कार्डं काढा. कुणीतरी आयुष्य घालवून तयार केलेली असतील.

---

बालाघाटची_वाचक (बुधवार, रात्री ८.५५)

सर, तुमचं वाचून मी वाचनालयात परत गेले, कुलूप उघडून. आहे. माळ्याच्या जिन्याखाली, वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवलेले होते त्याच्यावर. बारा ड्रॉवर. पहिला उघडला तर "अंबाजोगाई" चं कार्ड होतं, आणि शोधत गेले तर त्याच्याकडे नेणारी आणखी चार : "आंबेजोगाई – पाहा अंबाजोगाई", "जोगाईचे आंबे – पाहा अंबाजोगाई"... अक्षर इतकं सुंदर आहे. निळी शाई, "पाहा" खाली लाल रेघ.

मला हे कपाट भंगारात द्यायला सांगितलं होतं दोन वर्षांपूर्वी. दिलं नाही ते बरं केलं.

मुलांशी बोलले. ते म्हणतात "पाहा" ची एक वेगळी सारणी करता येईल, दोनच रकाने. मी रोज भरत जाईन. रानवाट दादा, "मर" त्यात पहिलं. तुरीच्या पुस्तकात तिला "मर रोग" म्हटलंय, पण नावात ते नाही, आत प्रकरणात आहे. म्हणजे काही पुस्तकांची अनुक्रमणिकाही चढवावी लागेल. शेतीच्या दीडशे पुस्तकांपासून सुरू करते.

---

गोदातीर (बुधवार, रात्री ९.३०)

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक कळकळीची सूचना. गावांच्या नावांबरोबर जिल्हेही "पाहा" मध्ये घ्या.

मराठवाड्यात पूर्वी पाचच जिल्हे : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. म्हणजे १९७५ सालच्या पुस्तकात लातूरची माहिती "उस्मानाबाद जिल्हा" या नावाखाली आहे, आणि नर्सी नामदेवची "परभणी जिल्हा" खाली. आज "हिंगोली जिल्हा" टाकणाऱ्या मुलाला १९९९ पूर्वीचं काही मिळणारच नाही. आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालंय. शोधणारा कुठलंही नाव टाको, दोन्हींखालची पुस्तकं त्याला मिळाली पाहिजेत. मोमिनाबाद टाकलं तर अंबाजोगाई. प्राचीन इतिहासात प्रतिष्ठान म्हणजे पैठण, तगर म्हणजे तेर, भोगवर्धन म्हणजे भोकरदन. विद्यापीठाचंही : १९५८ ते १९९४ "मराठवाडा विद्यापीठ", १४ जानेवारी १९९४ पासून "डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ".

आणि सन. निजामी काळातली पुस्तकं, कायदे, अहवाल यांवर फसली साल (तिथलं महसुली वर्ष) असतं. जहागिरी निर्मूलनाचं नियमन १३५८ फसलीचं, म्हणजे १९४९ चं. ढोबळ हिशेब : फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवा. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं, त्यात ७८ मिळवा. नोंदीत साल आहे तसं ठेवा, पण शेजारी इसवी सनाचा रकाना भरा, नाहीतर "१९४० ते १९५०" अशी गाळणी लावली की नेमकी आपल्या भागाची पुस्तकं बाहेर पडतील.

---

कानाने_वाचणारा (बुधवार, रात्री ११.१०)

मी अंध आहे. मोबाइल मला पान वाचून दाखवतो, मी ऐकतो. तुमचं पान ऐकून पाहिलं. शोधाची चर्चा सुरूच आहे, मी वाटांचं बोलतो.

प्रत्येक पुस्तकाखाली "इथे क्लिक करा" असा दुवा आहे. मी दुव्यांवरून उड्या मारत जातो, सगळं ऐकत बसत नाही. त्यामुळे मला ऐकू येतं : इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, वीस वेळा. कशाचं ते कळत नाही. पुस्तकाचं नावच दुवा करा. डोळस माणसालाही तेच सोयीचं असणार, अंगठ्याला मोठी जागा मिळते.

दुसरं, पुस्तक उघडून मागे आलो की शोध पुसला जातो आणि मी पहिल्या पानावर फेकला जातो. सातव्या पानावर होतो, आता पुन्हा सहा पानं. वर एक ओळ द्या की मी कुठं आहे : मुखपृष्ठ, शेती, फळबागा, हे पुस्तक. त्यातल्या कुठल्याही पायरीवर परत जाता यावं.

तिसरं, चौदा बटणं दर वेळी पहिल्यापासून ऐकावी लागतात. शोधाची चौकट सगळ्यात आधी आणा.

---

कोडकरी_नांदेड (गुरुवार, सकाळी ८.१५)

कानाने_वाचणारा, तुमच्या तिन्ही सूचना आजच मुलांना कळवा असं ताईंना सांगतो. शोधाचे शब्द आणि पान क्रमांक वेबपत्त्यातच ठेवले की मागे आल्यावर काही पुसलं जात नाही, आणि तोच पत्ता मित्राला पाठवता येतो. पुस्तकाचा पत्ता दाखल क्रमांकावरून करा. नाव बदलतं, वर्गांक बदलतो, कपाट बदलतं, दाखल क्रमांक पुस्तकाच्या जन्मापासून एकच.

पानावर अक्षरावर बोट ठेवून पुस्तकं काढायची पट्टी आहे, तिच्याबद्दल : संगणक त्याच्या क्रमांकानं लावतो, म्हणून ळ तिथं ल नंतर येतो आणि ज्ञ हा ज च्या पोटात जातो. "ज्ञ" वर बोट ठेवणाऱ्याला काही मिळत नाही. आपल्या वर्णमालेचा क्रम वेगळा द्यावा लागेल.

आणि शून्य निकालाचं पान. ते कोरं ठेवू नका. जवळचे शब्द, "पाहा" मधलं काही, आणि खाली "ग्रंथपालांना विचारा". न सापडलेला प्रत्येक शब्द आपोआप नोंदला जावा, कुणी विचारला ते नाव न ठेवता. ती ताईंची शंभर पानी वही.

---

बालाघाटची_वाचक (शुक्रवार, रात्री ९.४०)

वही कालपासून सुरू झाली. पहिल्याच दिवशी एकतीस न सापडलेले शब्द. "लातूर भूकंप" तीनदा, आमच्याकडे ते "किल्लारी" खाली आहे. "नाधों" (ना. धों. महानोर) एकदा, टिंबं न देता. "तलाठी भरती" नऊ वेळा. स्पर्धा परीक्षेची दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत आणि चौदा बटणांत तिचं बटणच नाही, मुलं रोज तेच शोधतात. बटणं आता सहा केली. स्पर्धा परीक्षा पहिलं, शेती दुसरं. "इतर", "विविध", "संकीर्ण" मधली चारशे पुस्तकं मी एकेक हातात घेऊन लावणार आहे.

"बहात्तरचा दुष्काळ" आता तिसऱ्या कपाटात नेतं. आजोबांच्या नातवाला फोन करून सांगितलं.

रविवारी सकाळी दहापासून ड्रॉवर उतरवून घ्यायला बसतोय. मी, ती दोन मुलं, आणि शुद्धमती मॅडम परभणीहून येणार आहेत. "म" आणि "र" चे ड्रॉवर गंजून अडकले आहेत, ओढले तर फळी तुटेल अशी भीती वाटते.

---

जुनी_तालिका (शुक्रवार, रात्री ९.५८)

ओढू नका. खालून सळईची मूठ आधी डावीकडे फिरवावी लागते, मग ती मोकळी होते. मी येतो सकाळच्या गाडीनं. तेल आणि बारीक पक्कड घेऊन येतो.